मधमाशीचा डंख, शेंगदाण्याचा दाणा: अ‍ॅलर्जीवरचा कोणता उपाय खरा, हे संशोधकांनी कसं शोधलं?

ट्रेकला गेलेल्या ग्रुपमध्ये एकाला मधमाशी चावते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. थोडी आग, थोडी सूज, दोन दिवसांत बरं. पण याच्या अंगावर पाच-दहा मिनिटांत गांधी उठतात, ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, "अ‍ॅलर्जीची गोळी दे, तासाभरात उतरेल."

त्याच्याकडे तेवढा वेळ असेलच असं नाही. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी तीव्र अ‍ॅलर्जीने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यात किड्याच्या डंखानंतर श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ होता १५ मिनिटं. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत तो होता ३० मिनिटं.

म्हणजे इथे चुकीच्या सल्ल्याची किंमत मोठी आहे. आणि अ‍ॅलर्जीच्या बाबतीत चुकीचे सल्ले फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरले असं नाही. जगभरातले डॉक्टर अनेक वर्षं एक निरुपयोगी इंजेक्शन देत होते. लहान मुलांच्या आहाराबद्दल तज्ज्ञांनीच दिलेला एक सल्ला पुढे उलटा निघाला. या दोन्ही चुका कशा सापडल्या आणि आज आपण काय करायला हवं, हे समजून घेऊया.

शरीरात नेमकं काय होतं?

अ‍ॅलर्जी म्हणजे आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेची चुकीची ओळख. दूध, अंडं, शेंगदाणा, कोळंबी किंवा मधमाशीच्या विषातलं एखादं प्रथिन शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं त्वचेत, श्वसनमार्गात आणि आतड्यात असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर पडतात. मग खाज, गांधी, सूज, उलटी, दम लागणं सुरू होतं. हे सगळं एकाच वेळी अनेक अवयवांमध्ये झालं आणि रक्तदाब कोसळला किंवा श्वासनलिका आवळली, तर त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात.

'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हा शब्द १९०२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी वापरात आणला. समुद्री प्राण्यांच्या विषाला कुत्र्यांनी सरावावं, असा त्यांचा प्रयत्न होता. झालं उलटंच. दुसऱ्या वेळी अगदी थोडा डोस दिला तरी कुत्रे काही मिनिटांत मरू लागले. या कामासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

हा दोष रक्तातून वाहतो, हे १९२१ मध्ये जर्मनीत दिसलं. डॉक्टर हाइन्झ कुस्टनर यांना माशांची अ‍ॅलर्जी होती. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी कुस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. रक्तातला तो 'घटक' म्हणजेच आयजीई, हे सापडायला मात्र १९६० चं दशक संपत यावं लागलं.

विषबाधा वेगळी, अ‍ॅलर्जी वेगळी

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. गडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ उठलं आणि शेकडो माश्या तुटून पडल्या, तर कुणाच्याही जिवाला धोका असतो. तो विषाच्या प्रमाणामुळे. त्यासाठी अ‍ॅलर्जी असावी लागत नाही.

अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला मात्र एकच डंख पुरतो. फक्त डंखाच्या जागी सूज आली, अगदी कोपरापर्यंत हात सुजला, तरी ती स्थानिक प्रतिक्रिया असते. डंख हाताला आणि गांधी पोटावर, किंवा डंख पायाला आणि सूज ओठांवर, असं झालं तर तो धोक्याचा इशारा.

अनेक वर्षं दिलं गेलेलं निरुपयोगी इंजेक्शन

ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच अगदी थोड्या प्रमाणात टोचून हळूहळू डोस वाढवायचा, म्हणजे शरीर सरावतं. ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांच्या अ‍ॅलर्जीवर ती वापरून १९११ मध्ये निष्कर्ष छापले. यालाच आज इम्युनोथेरपी म्हणतात.

१९३० च्या दशकापासून हीच पद्धत डंखाच्या अ‍ॅलर्जीसाठी वापरली जाऊ लागली. पण त्यासाठी विष नाही, तर अख्खी माशी वाटून केलेला अर्क वापरला जायचा. माशीचं नुसतं विष वेगळं काढणं अवघड होतं आणि अख्ख्या माशीत विषही असणारच, असा हिशोब होता. रुग्ण इंजेक्शन घ्यायचे. पुढे कधीतरी पुन्हा माशी चावायची आणि अनेकांना काहीच व्हायचं नाही. डॉक्टर खूश, रुग्णही खूश.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या डॉक्टर मेरी लव्हलेस यांनी वेगळा रस्ता धरला. त्या गांधीलमाश्या पकडून त्यांच्या विषाच्या पिशव्या काढायच्या आणि फक्त विषाने उपचार करायच्या. उपचार लागू पडला का, हे बघण्यासाठी रुग्णाला देखरेखीखाली मुद्दाम डंखही करवून घ्यायच्या. पण त्यांच्या कामाकडे जवळपास दोन दशकं दुर्लक्ष झालं.

१९७८: फक्त एकाला त्रास झाला

दरम्यान विष मिळवण्याची अडचण सुटत होती. अ‍ॅलन बेंटन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मधमाश्यांना विजेचा हलका झटका देऊन विष गोळा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉरेन्स लिक्टेनस्टाइन, मार्टिन व्हॅलेंटाइन आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी आखली. तिचे निष्कर्ष १९७८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापले गेले.

डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांचे तीन गट केले गेले. एका गटाला शुद्ध विषाची इंजेक्शनं, दुसऱ्याला अख्ख्या माशीचा अर्क, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. नंतर रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून, त्यांना खरी माशी चावू दिली.

निकाल असा होता: प्लासिबो गटात १२ पैकी ७ जणांना शरीरभर प्रतिक्रिया आली. अख्ख्या माशीच्या अर्काच्या गटात ११ पैकी ७ जणांना. आणि शुद्ध विष घेतलेल्या १८ पैकी फक्त एकाला.

म्हणजे इतकी वर्षं दिलं गेलेलं इंजेक्शन आणि काहीच औषध नसलेलं इंजेक्शन यांच्यात फरक नव्हता.

मग इतकी वर्षं ते 'लागू पडतंय' असं का वाटलं? उत्तर प्लासिबो गटातच आहे. बारापैकी पाच जणांना काहीही उपचार न होता त्रास झाला नाही. एकदा तीव्र प्रतिक्रिया आलेल्या प्रत्येकाला दर डंखाला तशीच प्रतिक्रिया येते असं नाही. जे आपोआप वाचायचे, त्यांचं श्रेय इंजेक्शनला मिळायचं. तुलना करायला दुसरा गट नसेल, तर ही चूक दिसतच नाही. 'आमच्याकडे अमुक काढा घेतला आणि अ‍ॅलर्जी गेली' असा मेसेज आला की हेच आठवायला हवं.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेत शुद्ध विषाच्या उपचाराला मान्यता मिळाली. आजही हाच उपचार चालतो. सुरुवातीला अगदी थोडा डोस, मग हळूहळू वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत. हे प्रमाण साधारण दोन मधमाश्यांच्या डंखाइतकं आहे. नंतर महिन्या-दीड महिन्याने एक इंजेक्शन, तीन ते पाच वर्षं. गांधीलमाशीच्या अ‍ॅलर्जीत तो ९० टक्क्यांहून जास्त लोकांना संरक्षण देतो, मधमाशीच्या बाबतीत थोडं कमी.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात 'जॅक जम्पर' नावाच्या मुंगीमुळे असेच अ‍ॅनाफिलॅक्सिस होतात. तिथे सायमन ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. प्लासिबो घेतलेल्या २९ पैकी २१ जणांना मुंगीच्या डंखाने शरीरभर प्रतिक्रिया आली. विषाचा उपचार घेतलेल्या २३ पैकी एकालाही नाही.

मग शेंगदाण्याचं इंजेक्शन का नाही?

डंखावर जे जमलं ते अन्नावरही जमेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. १९९० च्या सुमारास अमेरिकेत शेंगदाण्याच्या अर्काच्या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली. पण औषध तयार करताना चूक झाली. प्लासिबो मिळायला हवं होतं अशा एका रुग्णाला शेंगदाण्याचा मोठा डोस दिला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. चाचणी तिथेच थांबली. १९९७ मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका लहान चाचणीत रुग्णांची सहनशक्ती वाढली, पण इंजेक्शनांनीच वारंवार तीव्र प्रतिक्रिया येत होत्या. हा रस्ता सोडून द्यावा लागला.

म्हणून अशा चाचण्यांत एकेक मिलिग्रॅम मोजला जातो आणि अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवलं जातं. हे प्रयोग घरी करून बघण्याचे नाहीत.

'तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको' हा सल्ला कसा उलटला?

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ब्रिटनमध्येही असाच सल्ला होता. ऐकायला पटण्यासारखंच होतं. त्याला पक्का पुरावा मात्र नव्हता आणि २००८ मध्ये अमेरिकेने तो मागे घेतला.

त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण १.८५ टक्के होतं, इस्रायलमधल्या ज्यू मुलांमध्ये फक्त ०.१७ टक्के. मोठा फरक आहाराचा होता. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा 'बाम्बा' नावाचा कुरकुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ लहानपणीच मिळतो. ब्रिटनमध्ये शेंगदाणा टाळला जायचा.

पण नुसत्या तुलनेने कारण सिद्ध होत नाही. म्हणून 'लीप' नावाची चाचणी झाली. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. त्यांना तीव्र एक्झिमा, अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळला. दुसऱ्या गटाने दर आठवड्याला ठरावीक प्रमाणात खाल्ला.

२०१५ मध्ये आलेला निकाल सगळ्यांना चकित करणारा होता. सुरुवातीला त्वचेची चाचणी निगेटिव्ह असलेल्या मुलांत, शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली. खाणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्के मुलांना. याच मुलांना पुढे मोठं होईपर्यंत पाहिलं गेलं. २०२४ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार किशोरवयात ही टक्केवारी १५.४ आणि ४.४ होती. म्हणजे संरक्षण टिकलं होतं.

लॅक यांचं स्पष्टीकरण असं: एक्झिमामुळे फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शरीरात गेले, तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. तोंडावाटे, पोटातून गेले तर मित्र समजायला शिकतं. म्हणून पोटाची ओळख आधी व्हायला हवी.

यातून घरी काय घ्यायचं? बाळाला वरचं अन्न सुरू करताना, साधारण सहाव्या महिन्यापासून, अंडं किंवा शेंगदाणा मुद्दाम लांबवण्याची गरज नाही. पण बाळाला तीव्र एक्झिमा किंवा आधीच एखादी अ‍ॅलर्जी असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. आणि अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून किंवा पेजेत मिसळून द्यावा.

अ‍ॅलर्जी आधीच असेल तर?

यासाठी इंजेक्शनऐवजी तोंडावाटे देण्याची पद्धत पुढे आली. शेंगदाण्याची मोजलेली पूड रोज खायची, अगदी सूक्ष्म डोसपासून सुरुवात करून. 'पालिसेड' या चाचणीत ४ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी उपचार घेतलेल्या ६७ टक्के मुलांना शेवटी ६०० मिलिग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन, म्हणजे साधारण दोन दाणे, पचले. प्लासिबो गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. या आधारावर जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत 'पालफोर्झिया' हे औषध मंजूर झालं.

पण हे बरं होणं नाही. चुकून एखादा दाणा पोटात गेला तर जिवावर बेतू नये, एवढंच उद्दिष्ट. आणि त्याचीही किंमत आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ने अशा १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. उपचार घेणाऱ्या २२ टक्के लोकांना अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला होता, न घेणाऱ्यांमध्ये ७ टक्के. रोज थोडं खायचं म्हणजे रोज थोडा धोका.

२०२४ मध्ये आणखी एक पर्याय आला. 'ओमालिझुमॅब' हे दम्यासाठी वापरलं जाणारं औषध थेट आयजीईलाच पकडून ठेवतं. त्याच्या चाचणीत ६७ टक्के रुग्णांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन त्रासाविना खाता आलं, प्लासिबो गटात ७ टक्के रुग्णांना. तरीही पथ्य सुटत नाही आणि तातडीच्या वेळी अ‍ॅड्रेनॅलिनला तो पर्याय नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे अ‍ॅलर्जी आहे?

नाही. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आयजीई आहे का, एवढंच सांगते. ते खाल्ल्यावर त्रास होईलच, हे सांगत नाही. 'युरोप्रिव्हॉल' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा भाग म्हणून कर्नाटकात प्रौढांची पाहणी झाली. २०१६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई होतं. पण अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्के लोकांमध्ये दिसली.

म्हणजे लक्षणं नसताना नुसता रिपोर्ट बघून दूध, अंडी, गहू, डाळी बंद केल्या, तर बहुतेक लोक उगाचच उपाशी राहतील. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे फार महागात पडतं.

पक्कं निदान करायची पद्धत आजही तीच आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा-थोडा खायला देऊन बघणं. १९७६ मध्ये चार्ल्स मे यांनी यात आणखी एक अट आणली. पदार्थ लपवून द्यायचा, म्हणजे खरा कोणता आणि खोटा कोणता हे रुग्णालाही कळू नये आणि डॉक्टरलाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या '१०० पदार्थांच्या' आयजीजी टेस्टबद्दलही सावध राहा. आयजीजी प्रतिपिंडं आपण जे खातो त्याच्याविरुद्ध सगळ्यांच्याच शरीरात तयार होतात. अमेरिका आणि युरोपमधल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ही टेस्ट वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

भारतात अडचण कुठे आहे?

पहिली अडचण विषाची. बाजारातले तयार अर्क प्रामुख्याने युरोपीय मधमाशी आणि पाश्चात्त्य देशांतल्या गांधीलमाश्यांचे आहेत. आपल्याकडे मात्र आग्या मोहोळाची माशी आणि सातेरी माशीही चावते.

दुसरी अडचण अ‍ॅड्रेनॅलिनची. परदेशात रुग्ण मांडीत स्वतः टोचता येईल असं पेनसारखं इंजेक्शन जवळ बाळगतात. २०२४ मध्ये अमेरिकेत नाकात मारायचा स्प्रेही मंजूर झाला. भारतात असं पेन सहज मिळत नाही. साधी कुपी मात्र स्वस्त आहे आणि रुग्णालयांत असते. आधी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असेल, तर कुपी आणि सिरिंज जवळ ठेवायची का, किती डोस भरायचा, हे डॉक्टरांकडून लिहून आणि शिकून घ्या.

तिसरी अडचण लपलेल्या पदार्थांची. पाकिटावर शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा, सोया आणि ग्लूटेन असलेली धान्यं यांची नोंद करणं भारतात नियमाने बंधनकारक आहे. पण साबुदाण्याच्या खिचडीतला कूट, भरल्या वांग्याचा मसाला किंवा लग्नातल्या ग्रेव्हीतले काजू कुठल्याही लेबलवर नसतात. तिथे विचारावंच लागतं.

त्या पंधरा मिनिटांत काय करायचं?

• मधमाशीची नांगी त्वचेत राहिली असेल तर लगेच काढा. चिमटीने काढली की खरवडून, याने फरक पडत नाही. उशीर केल्याने पडतो.
• अंगभर गांधी, ओठ-जिभेवर सूज, दम, सतत उलट्या किंवा चक्कर, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर वाट बघू नका. संशयित पदार्थ खाल्ल्यावर किंवा डंखानंतर नुसता श्वास अडकला किंवा शुद्ध हरपत असेल, तर ते एकही पुरेसं आहे.
• अ‍ॅड्रेनॅलिन असेल आणि शिकवलेलं असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्या. नसेल तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. पोचताच 'अ‍ॅनाफिलॅक्सिस वाटतोय' असं स्पष्ट सांगा.
• रुग्णाला आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या. चालवत नेऊ नका, एकदम उभं करू नका.
• अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते. ती कोसळलेला रक्तदाब वर आणत नाही आणि आवळलेली श्वासनलिका उघडत नाही.
• बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात राहा. लक्षणं परत येऊ शकतात.

ट्रेकला निघताना किंवा मुलाला शाळेच्या सहलीला पाठवताना ही माहिती सोबतच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. वेळ आली तर समजावून सांगायला रुग्ण स्वतः शुद्धीत असेलच असं नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी अ‍ॅलर्जीतज्ज्ञ किंवा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)